परदेशी पाठवायच्या खोक्यात काय नसावे?



बंदी हा शब्द आपल्या नाशिक जिल्ह्याला नवा नाही. ८ डिसेंबर २०२३ रोजी कांद्याची निर्यात बंद झाली आणि ४ मे २०२४ रोजी ती पुन्हा खुली झाली. मधल्या पाच महिन्यांत लासलगाव-पिंपळगावच्या बाजारात काय गमावले, याचा हिशेब प्रत्येक कांदा उत्पादकाच्या घरी आहे. पण ती बंदी आपल्याच सरकारची होती आणि तिचे कारण बाजारभावाचे होते. आज ज्या बंदीविषयी लिहावयाचे आहे ती वेगळी. माल ज्या देशात जातो त्या देशाची ती असते. तिचे कारण बहुधा तिथल्या शेतीचे आणि जनावरांचे असते. कंटेनरभर द्राक्षांना ती जशी लागू असते, तशीच आईने लेकीसाठी बांधलेल्या चार किलोच्या खोक्यालाही लागू असते.

पूर्वी पंचक्रोशीत एखाद्याचाच मुलगा परदेशी असे. आता निफाड, दिंडोरी, सिन्नर, कळवण, कोणत्याही तालुक्यात जा. कोणाचा मुलगा मेलबर्नला शिकतो, कोणाची लेक न्यू जर्सीला नांदते, कोणाचा भाऊ दुबईत नोकरीला आहे. दिवाळी जवळ आली की घरोघर खोकी बांधली जातात. त्यात फराळ असतो, वर्षाचा मसाला असतो, घरचे तूप असते. आणि कोपऱ्यात चिंधीत बांधलेले वालाचे किंवा गावरान भेंडीचे मूठभर बी असते, परसात लावायला म्हणून. महिन्याने कळते की खोके पोचले, पण आतले अर्धे सामान तिथल्या अधिकाऱ्यांनी काढून घेतले. घरच्या माणसांना वाईट वाटते. आपल्या हातच्या वस्तूत असे काय वाईट होते, असा प्रश्न पडतो.

याचे उत्तर शेतकऱ्याइतके चटकन दुसऱ्या कोणाला पटणार नाही.

आपल्याच जिल्ह्यातला धडा

मालेगाव, सटाणा, देवळा या पट्ट्यात डाळिंबाने माणसे उभी केली आणि तेल्याने तीच माणसे आडवी केली. हा जिवाणूंचा रोग दूरवर कसा गेला? रोगट बागेतली गुटी कलमे चांगली समजून आणली गेली आणि त्यांच्याबरोबर रोगही आला. कलम देणारा आपलाच पाहुणा होता, देण्यामागे मायाच होती. पण रोगाला माया कळत नाही.

दुसरा धडा गाजरगवताचा, म्हणजेच काँग्रेस गवताचा. १९५५-५६ च्या सुमारास ते पुण्यात प्रथम नजरेत भरले. अमेरिकेतून आलेल्या गव्हाबरोबर त्याचे बी आले असे मानले जाते. एका झाडाला हजारोंनी बी धरते. आज बांध, रस्ता, पडीक रान, कोठेही ते नाही असे नाही. निंदणीचा खर्च आपण भरतो, अंगाची खाज आपल्या मजूर बायाबापड्या सोसतात.

तिसरा धडा द्राक्षाचा. १८६० नंतरच्या काळात अमेरिकेतून युरोपात हौसेने नेलेल्या द्राक्षवेलींबरोबर फायलोक्सेरा नावाची, मुळांतला रस शोषणारी माव्यासारखी बारीक कीड गेली. फ्रान्सच्या द्राक्षबागा तिने उजाड केल्या. शेवटी अमेरिकन जंगली द्राक्षाच्या खुंटावर कलम करण्याची पद्धत तिथल्या बागाईतदारांना धरावी लागली. आपण पाण्याच्या ताणासाठी आणि खारवट जमिनीसाठी जो डॉगरिज खुंट वापरतो, तोही मूळ अमेरिकेच्या टेक्सास भागातल्या जंगली द्राक्षाचाच.

म्हणून देशोदेशींनी सीमेवर राखणदार बसवले. आपल्याकडचा कीड-रोगांविषयीचा मूळ कायदा १९१४ सालचा आहे. १९५१ साली या कामासाठी आंतरराष्ट्रीय करार झाला. तेव्हा आपले खोके कोणी उघडले तर तो आपला अपमान समजू नये. तिकडचा अधिकारी त्याच्या देशाच्या बांधावर उभा आहे, एवढेच.

एक सोपा नियम

प्रत्येक देशाची यादी निराळी असते आणि ती बदलते. सर्व याद्या पाठ करणे कोणालाच शक्य नाही. पण खोके भरताना घरच्या बाईने किंवा बाबाने प्रत्येक वस्तू हातात घेऊन तीन प्रश्न विचारावेत. ही वस्तू मातीत टाकली तर रुजेल काय? हिच्यात किडा किंवा त्याचे अंडे जिवंत राहू शकेल काय? ही जनावरापासून आलेली आहे काय? तिन्हींचे उत्तर नाही असेल तर शेतीच्या बाजूने ती वस्तू बहुधा जाते. एकाचेही उत्तर होय असेल तर खोके बंद करण्यापूर्वी चौकशी करावी. आता एकेक वस्तू पाहू.

बी-बियाणे आणि रोपे

चिंधीतले मूठभर बी ही सर्वांत नाजूक वस्तू आहे. युरोपातील देश, ब्रिटन, अमेरिका, ऑस्ट्रेलिया यांपैकी कोठेही आपले घरचे बी नुसते खोक्यात टाकून पाठवता येत नाही. सरकारी अधिकाऱ्याने तपासून दिलेला पीक-आरोग्य दाखला, म्हणजे फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट, लागतो किंवा घेणाऱ्याने आपल्या देशाच्या कृषी खात्याकडून आधी परवाना काढावा लागतो. अमेरिकेत थोड्या बियांसाठी असा परवाना मिळण्याची सोय आहे, पण अर्ज तिकडच्या माणसाने करावयाचा असतो आणि परवाना आल्यावरच बी निघावयाचे असते. त्यालाही सर्व जातींच्या बियांना मुभा नाही.

रोप, काडी, कंद, गड्डा, मुळी यांचे नाव काढू नये. हळदीचा ओला गड्डा, आल्याचा मोड आलेला तुकडा, द्राक्षाची काडी हे सर्व याच वर्गात येते. कुंडीतल्या तुळशीची माती "आपल्या अंगणातली" म्हणून कोणी पाठवते. माती तर बहुतेक सर्व देशांनी वर्ज्य केलेली आहे, कारण चिमूटभर मातीत सूत्रकृमी, बुरशी आणि तणाचे बी, तिन्ही असू शकतात. पणती मात्र भाजलेली असते. ती स्वच्छ असली तर तिला हा आक्षेप येत नाही.

लेकीला परसबाग करावयाची असेल तर बी तिने तिथल्याच बियाण्याच्या दुकानातून घ्यावे. भेंडी, मेथी, वाल, तुळस ही बियाणी भारतीय वस्ती असलेल्या शहरांत मिळतात. आपण पत्रातून किंवा फोनवरून पेरणी कशी करावी ते सांगावे. ते सांगणे कोणत्याही सीमेवर अडत नाही.

तांदूळ, डाळी आणि खापरा भुंगेरा

आपल्या कोठारातल्या खापरा भुंगेऱ्याला बाहेरचे जग फार घाबरते. ही कीड मूळची आपल्याच भागातली. तिची केसाळ अळी कणगीच्या भेगेत, पोत्याच्या शिवणीत दडते आणि अन्न नसतानाही वर्षानुवर्षे जगून राहते. १९५३ साली ती अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात सापडली, तेव्हा तिचा नायनाट करण्याची मोहीम १९६६ पर्यंत चालवावी लागली.

या एका किड्यापायी अमेरिकेने २०११ साली, खापरा असलेल्या देशांतून प्रवाशाबरोबर किंवा टपालाने घरगुती तांदूळ आणण्यास बंदी केली आणि त्याच वर्षी हरभऱ्यावरही निर्बंध घातले. ऑस्ट्रेलियाने २०२० साली याहून मोठी यादी केली. तांदूळ, गहू, हरभरा, मूग, तूर, मसूर, शेंगदाणे, धने, जिरे, बडीशेप, सुक्या मिरच्या अशा कच्च्या वस्तू टपालाने किंवा सामानातून नेण्यास तिथे मनाई झाली. म्हणजे आंबेमोहोर तांदळाची पिशवी आणि लाल मिरचीची पुडी मेलबर्नच्या खोक्यात घालूच नये.

यावर तोड अशी की वस्तू भाजून दळलेली असावी. भाजून, कुटून केलेला गोडा मसाला, मेथकूट, भाजणी ही अख्ख्या धान्यापेक्षा कमी धोक्याची. त्यातही दुकानातले, कारखान्यात भरलेले आणि छापील चिठ्ठी असलेले बंद पाकीट घरच्या पुरचुंडीपेक्षा लवकर सुटते, कारण आत काय आहे ते अधिकाऱ्याला वाचता येते. ऑस्ट्रेलियाला पाठवताना तर असेच पाकीट घ्यावे.

कढीपत्त्याची डहाळी आणि आंब्याची कोय

चिवड्यात तळलेला कढीपत्ता वेगळा आणि ओली डहाळी वेगळी. कढीपत्ता हे लिंबूवर्गीय कुळातले झाड. संत्रा-मोसंबीवरच्या सायला या किडीला ते फार प्रिय असते आणि हीच कीड ग्रीनिंग नावाचा रोग झाडोझाडी नेते. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात हा रोग २००५ साली सापडला. पुढच्या वीस वर्षांत तिथले संत्र्याचे उत्पादन पूर्वीच्या एक-दशांशाच्या आसपास आले. आपल्या विदर्भातील संत्रा बागाईतदाराला यातले दुःख सांगावे लागत नाही. ओला कढीपत्ता खोक्यातून किंवा पिशवीतून नेऊ न देण्याचे कारण हे असे आहे.

फळांचेही तसेच. मे २०१४ पासून युरोपने आपला आंबा आणि त्याबरोबर वांगी, कारली, पडवळ, अळू यांची आयात थांबवली होती, कारण मालात फळमाशी आणि इतर किडी सापडल्या होत्या. आंब्यावरची बंदी २०१५ मध्ये उठली. मधला एक हंगाम गेला तो गेलाच. ज्याने काळजीने माल पाठवला होता त्याचाही गेला, कारण किडीच्या नोंदीपुढे शेतकऱ्याचे नाव नसते, देशाचे नाव असते.

अमेरिकेला जाणारा हापूस-केशर कोणत्या वाटेने गेला तेही आपल्या जिल्ह्याला ठाऊक असावे. लासलगावी भाभा अणुसंशोधन केंद्राचे 'कृषक' हे विकिरण केंद्र आहे. कांद्याला मोड येऊ नयेत म्हणून ते प्रथम उभे राहिले. २००७ साली त्याला अमेरिकेच्या कृषी खात्याची मान्यता मिळाली आणि कोयीतला भुंगा व फळमाशी यांचा बंदोबस्त करून सुमारे अठरा वर्षांनी आपला आंबा त्या देशात पुन्हा पोचला. व्यापाऱ्याच्या आंब्याला ही एवढी शिस्त आहे, तर घरच्या खोक्यातल्या चार आंब्यांना वाट कशी मिळावी? आमरस, आंबापोळी, लोणचे यांचा विचार करावा. ताजे फळ नको.

तूप, पेढे आणि गोवरी

लाळ्या-खुरकूत आपल्या गोठ्याला नवी नाही. आपली गाय आजारी पडते, दूध आटते, उपचाराने बहुधा उठते. ज्या देशांत हा रोग नाही, तिथे तो शिरला तर कळपच्या कळप मारावे लागतात. ब्रिटनमध्ये २००१ साली ही साथ आली तेव्हा साठ लाखांवर जनावरे मारावी लागली. शेतकऱ्यांनी आपल्या डोळ्यांदेखत ती जळताना पाहिली.

हे विषाणू मांस, दूध आणि शेण यांतून जाऊ शकतात, म्हणून युरोपीय देश आणि ब्रिटन आपल्याकडून घरगुती खोक्यात मांसाचे आणि दुधाचे पदार्थ घेत नाहीत. घरचे तूप, पेढे, खव्याची बर्फी, श्रीखंड, सुके बोंबील-मटणाच्या वड्यांसारखे प्रकार पाठवू नयेत. ऑस्ट्रेलियातही दुधाच्या मिठाया अडवल्या जातात. चकली, शेव, शंकरपाळे, चिवडा, कडबोळी हे तळलेले कोरडे पदार्थ त्या मानाने निर्धोक. अंड्याचे पदार्थही टाळावेत.

होमासाठी गोवऱ्या पाठवणारी घरे आहेत. एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकेत वॉशिंग्टनजवळच्या डलस विमानतळावर भारतातून आलेल्या एका बेवारस पेटीत दोन गोवऱ्या सापडल्या. त्या नष्ट केल्या गेल्या आणि तिथल्या सीमाशुल्क खात्याने त्याचे निवेदन काढले. जगभरच्या वर्तमानपत्रांनी ते हसण्यावारी छापले. कारण मात्र हसण्याचे नव्हते, ते लाळ्या-खुरकुताचे होते. आपण २०१९ पासून गावोगाव या रोगाच्या लसीची राष्ट्रीय मोहीम चालवतो आहोत, ती एवढ्याचसाठी. ज्या दिवशी आपला देश या रोगातून मुक्त ठरेल, त्या दिवशी आपल्या दुधातुपाला जगाचे दार अधिक उघडेल. तेव्हा लस टोचणारा आला की जनावर लपवू नका.

खसखस: ही चूक महागात पडते

आतापर्यंतच्या वस्तू गेल्या तर वस्तूच जाते. खसखशीची गोष्ट निराळी आहे. ती अफूच्या बोंडातून येते. आपल्याकडे ती किराणा दुकानात मिळते, पण संयुक्त अरब अमिरातीत, म्हणजे दुबई-अबूधाबीला, आणि सौदी अरेबियात तिला अमली पदार्थाच्या कायद्याखाली बंदी आहे. सिंगापूरलाही परवान्याशिवाय ती चालत नाही. आखाती देशांत हे प्रकरण तुरुंगापर्यंत जाऊ शकते.

आपल्या घरात खसखस कोठे कोठे असते ते आठवा. अनारशावर असते, करंजीच्या सारणात असते, लाडवात असते, काळ्या मसाल्यात असते. आखातात असलेल्या मुलासाठी अनारसे करावयाचे असतील तर खसखशीऐवजी तिळावर थापावेत आणि सारण, मसाला तिच्यावाचून वेगळा करावा. विड्याची पानेही तिकडे पाठवू नयेत.

औषधांचीही हीच सावधगिरी. आपल्याकडे सहज मिळणारी काही खोकल्याची औषधे व वेदनाशामक गोळ्या, विशेषतः कोडीन आणि ट्रॅमाडॉल असलेल्या, आखातात कडक नियंत्रणाखाली आहेत. शेजाऱ्याने दिलेली बंद पुडी तर आपल्या खोक्यात कधीच घालू नये. खोक्यावर नाव आपले असते.

विमानात न चालणाऱ्या वस्तू

काही वस्तूंना पलीकडचा देश नव्हे, तर विमानच नको म्हणते. फटाके, काडेपेटी, लायटर हे सर्वांना कळते. पण कापूरही पेट घेणारा म्हणून धोक्याच्या यादीत आहे. अत्तर, नखांचा रंग, दाबाने फवारणारे डबे, सुट्या बॅटऱ्या, मोबाइल भारण्याच्या पॉवर बँका या वस्तूंनाही तीच अडचण.

सुक्या खोबऱ्याच्या वाट्यांचे नाव ऐकून आश्चर्य वाटेल. खोबऱ्यातल्या तेलामुळे ते साठवणीत आपोआप तापते आणि पेटू शकते, म्हणून विमान वाहतुकीत ते धोक्याचे मानले जाते. आपल्याकडेही २०२२ साली प्रवाशाच्या विमानात दिलेल्या सामानात त्याला बंदी झाली. चिवड्यातले तळलेले काप निराळे. वाट्यांची पिशवी नको.

आपल्याच देशाची बंदी

काही वस्तू आपणच बाहेर जाऊ देत नाही. मोरपीस त्यातले एक. देव्हाऱ्यातल्या बाळकृष्णासाठी म्हणून ते पाठवावेसे वाटते, पण त्याची निर्यात वर्ज्य आहे. दुसरी गोष्ट जुन्या वस्तूंची. १९७२ च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी मूर्ती, शिल्प, नाणे, कलाकुसरीची वस्तू आणि पंच्याहत्तर वर्षांहून जुने महत्त्वाचे हस्तलिखित खाजगी माणसाला परदेशी पाठवता येत नाही. पणजोबांच्या वेळचे पितळी देव किंवा घराण्यातली पोथी सुनेला द्यावयाची असेल तर ती इथेच, घरी आल्यावर तिच्या हाती द्यावी. ती पुढे नेण्यापूर्वी पुरातत्त्व खात्याला विचारावे. नोटा, सोने आणि दागिने टपालाच्या खोक्यात घालू नयेत हे वेगळे सांगावयास नको.

तिकडून इकडे येणारे

आता उलट बाजू. आपला शिकलेला मुलगा कॅलिफोर्नियाची द्राक्षबाग पाहतो आणि नव्या वाणाच्या दोन काड्या मोज्यात गुंडाळून आणण्याचा विचार करतो. हा विचार बापाच्या बागेच्या प्रेमापोटी येतो, हे खरे. पण भारताच्या २००३ च्या वनस्पती विलगीकरण आदेशाप्रमाणे आयातीचा परवाना आणि त्या देशाचा दाखला असल्यावाचून काडी, रोप किंवा बी आणता येत नाही. त्या काडीबरोबर आपल्याकडे आजवर नसलेला विषाणू आला तर दोन काड्यांत सबंध जिल्हा बसेल. शिवाय नव्या वाणांवर मालकी हक्क असतात, ती कटकट वेगळीच.

२०२० च्या उन्हाळ्यात अमेरिकेसह अनेक देशांतल्या लोकांच्या घरी न मागवलेल्या बियांची पाकिटे टपालाने येऊ लागली. ऑगस्ट २०२० मध्ये आपल्या केंद्रीय कृषी मंत्रालयानेही अशा पाकिटांबाबत राज्यांना सावध केले. असे पाकीट तुमच्या घरी आले तर ते पेरू नका, उकिरड्यावर टाकू नका, शेजाऱ्याला देऊ नका. जसेच्या तसे पिशवीत घालून तालुका कृषी कार्यालयात आणून द्या.

खोके बांधताना

खोके नव्या पुठ्ठ्याचे घ्यावे. आंब्याची जुनी लाकडी पेटी, पेंढा, वाळका पाला, वापरलेले गोणपाट यांत काही बांधू नये, कारण कीड याच वस्तूंत दडते. लाकडी पेटीला तर उष्णतेची प्रक्रिया करून तसा शिक्का मारलेला असावा लागतो. भरावासाठी स्वच्छ कागद वापरावा.

टपालातून पाठवताना आत काय आहे ते सीमाशुल्काच्या फॉर्मवर लिहून द्यावे लागते. नुसते "भेट" किंवा "खाद्यपदार्थ" लिहू नये. तळलेली चकली, अर्धा किलो. भाजलेले मेथकूट, पाव किलो. सुती साडी, एक. असे इंग्रजीत वस्तूवार, वजन आणि किंमतीसह लिहावे. इंग्रजी येत नसेल तर शाळेतल्या गुरुजींकडून लिहून घ्यावे. प्रत्येक पुडीवरही नाव आणि तयार केल्याची तारीख चिकटवावी. अमेरिकेला जाणाऱ्या खाण्याच्या मालाची आगाऊ सूचना तिथल्या खात्याला द्यावी लागते, पण घरी करून घरच्या माणसाला भेट म्हणून पाठवलेल्या पदार्थाला त्यातून सूट आहे. तेव्हा घरगुती आहे, भेट आहे, विक्रीसाठी नाही, हे फॉर्मवर स्पष्ट असू द्यावे.

करांचे नियमही बदलत असतात. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने कमी किमतीच्या मालाची करमाफी काढून घेतली, तेव्हा आपल्या टपाल खात्याला तिकडची पार्सले घेणे काही काळ थांबवावे लागले. ऑक्टोबर २०२५ मध्ये ती सेवा पुन्हा सुरू झाली. म्हणून गेल्या वर्षी गेले ते यंदाही जाईल असे धरून चालू नये. खोके शिवण्यापूर्वी मोठ्या पोस्टात त्या देशाची यादी विचारावी आणि तिकडच्या मुलालाही त्याच्या सरकारची यादी पाहावयास सांगावे. दोन्हीकडून होकार आला की मगच टाके घालावेत.

सर्वांत महत्त्वाचे हे की लपवू नये. साडीच्या घडीत बियांची पुडी ठेवली तर ती सापडण्याची साधने तिकडे आहेत. क्ष-किरण आहेत आणि वासाने शोधणारे कुत्रेही आहेत. बियांची पुडी फॉर्मवर लिहिलेली असेल तर पुडी जाते. लपवलेली सापडली तर घेणाऱ्याची चौकशी होते. पत्ता त्याचा असतो आणि परक्या देशात व्हिशावर राहणाऱ्या मुलाला ती चौकशी जड जाते. आपण मायेने पाठवलेले बी त्याच्या वाटेतला काटा होऊ नये. मुलाकडे स्वतः जाणाऱ्या आईवडिलांनीही हेच पाळावे. ऑस्ट्रेलियात उतरताना, शेतावर गेला होता काय, असे फॉर्मवर विचारतात. आपण शेतकरीच आहोत. होय म्हणून लिहावे आणि जोडे धुऊन, घासून माती काढूनच विमानात बसावे.

महाराष्ट्रातून परदेशी जाणाऱ्या द्राक्षांत मोठा वाटा आपल्या जिल्ह्याचा आहे. निर्यातीच्या बागेची नोंदणी, औषधाच्या अंशाची तपासणी, पॅकहाऊसची स्वच्छता हे सर्व आपण वर्षानुवर्षे शिकलो आणि त्यातून नाशिकच्या मालावर विश्वास बसला. बागेच्या बाबतीत पाळतो ती शिस्त घरच्या खोक्यातही पाळली तर चकलीही पोचेल आणि विश्वासही टिकेल.

व्यापारासाठी बी, फळ किंवा भाजी पाठवावयाची असेल तर मात्र हा लेख पुरेसा नाही. त्यासाठी जिल्हा अधीक्षक कृषी अधिकाऱ्यांच्या कार्यालयात जाऊन पीक-आरोग्य दाखल्याची माहिती घ्यावी. घरगुती खोक्याविषयी शंका असेल तर वस्तूचे नाव आणि देशाचे नाव, दोन्ही लिहून या सदराकडे कळवा. देशाचे नाव लिहिल्याशिवाय उत्तर देता येत नाही, हे आता आपल्या ध्यानात आले असेलच.